ओकोयोंगच्या रानातील मेरी स्लेसरबाई

गावाची सुधारणा करावयाची म्हणजे बाहेरून काही आणून द्यावयाचे, अशी समजूत पुष्कळांची असते. शाळा बांधून द्यावी, दवाखाना घालून द्यावा, विहीर खणून द्यावी, आणि मग आपल्या वाटेने निघून जावे. ही कामे चांगलीच आहेत. परंतु विहीर खणणारा निघून गेल्यावर तिचा गाळ कोण काढील, हा प्रश्न मागे राहतोच. पश्चिम आफ्रिकेत आज ज्या देशास नायजेरिया म्हणतात, त्याच्या आग्नेय कोपऱ्यातील रानात एका स्कॉच बाईने ह्या प्रश्नाचे उत्तर अडतीस वर्षे आपल्या देहाने दिले. तिचे नाव मेरी स्लेसर. ती डॉक्टर नव्हती, विदुषी नव्हती, श्रीमंताघरची तर नव्हतीच. ती गिरणीतली कामकरीण होती. म्हणून तिचे चरित्र आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनी आणि उपदेशकांनी वाचण्यासारखे आहे.

मेरीचा जन्म इ. स. १८४८ च्या डिसेंबर महिन्याच्या २ तारखेस स्कॉटलंडातील अ‍ॅबर्डीन शहरी झाला. बाप जोडे शिवण्याचा धंदा करी, परंतु दारूच्या व्यसनाने त्याने धंदाही घालविला आणि घरही बुडविले. आई भाविक व कष्टाळू होती. अ‍ॅबर्डीन सोडून कुटुंब डंडी शहरी आले. हे तागाच्या व कापडाच्या गिरण्यांचे शहर. तेथे अकराव्या वर्षी मेरी गिरणीत जाऊ लागली. अर्धा दिवस काम व अर्धा दिवस गिरणीच्या शाळेत, असा त्या लहान मुलांचा क्रम असे. चौदाव्या वर्षापासून ती पूर्ण दिवस यंत्रमागावर उभी राहू लागली. सकाळी सहाला भोंगा होई आणि संध्याकाळी सहाला सुट्टी मिळे. शनिवारी रात्री बाप झिंगून येई तेव्हा आई व मुलगी जीव मुठीत धरून बसत. ह्या मुलीने पुस्तक मागाला टेकवून ठेवावे आणि धागा तुटेपर्यंत एखादी ओळ वाचून घ्यावी, अशा रीतीने तिचे शिक्षण झाले.

आपल्या वस्तीतील उनाड पोरांसाठी मंडळीने जो वर्ग चालविला होता, त्यात ती शिकवू लागली. एके रात्री काही टवाळ तरुणांनी तिला रस्त्यात घेरले. त्यांच्यातील एकाने दोरीला शिशाचा गोळा बांधून तो तिच्या तोंडापुढे गरगर फिरविण्यास आरंभ केला. ती हलली नाही तर सगळ्यांनी वर्गास यावयाचे, असा करार तिने त्यांच्याशी केला. गोळा कपाळाला चाटून जाईपर्यंत जवळ आला, तरी तिने पापणी लवविली नाही. करार पाळण्यास ते तरुण वर्गास आले. पुढे आफ्रिकेच्या रानात शस्त्रधारी लोकांपुढे ती बाई जी उभी राहिली, तिचा अभ्यास डंडीच्या गल्लीत आधीच झालेला होता.

मेरीची आई मंडळीचे मिशन-मासिक घरी वाचून दाखवी, त्यामुळे कॅलाबार हे नाव मुलांना लहानपणापासून ओळखीचे होते. आफ्रिकेच्या ह्या किनाऱ्यावरून मागील शतकांत असंख्य माणसे गुलाम म्हणून अमेरिकेच्या बाजूस विकली गेली होती. तो व्यापार थांबला तेव्हा त्याची जागा पाम झाडाच्या तेलाने घेतली. इ. स. १८४६ साली तेथे जे प्रेस्बिटेरियन मिशन सुरू झाले, ते स्कॉटलंडातून नव्हे तर जमैका बेटातून आले होते, आणि त्यात गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णी ख्रिस्ती लोकांचा भाग होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इ. स. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्या वार्तेने स्कॉटलंडातील पुष्कळ तरुणांची मने हलली, त्यांत मेरीही होती. तिने मिशन मंडळाकडे अर्ज केला, एडिनबर्ग येथे थोडे शिक्षण घेतले, आणि इ. स. १८७६ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस 'इथिओपिया' नावाच्या आगबोटीतून ती निघाली. त्याच बोटीत दारूची पिंपे भरलेली तिने पाहिली. ज्या विषाने बापाचे घर बुडाले, तेच विष आपल्या देशबांधवांच्या हातून आफ्रिकेस जात आहे, हे दुःख तिने बरोबर नेले.

पहिली बारा वर्षे मेरीबाईंनी किनाऱ्याजवळच्या ड्यूक टाउन, ओल्ड टाउन आणि क्रीक टाउन ह्या ठिकाणी काढली. त्यांनी एफिक भाषा अशी शिकून घेतली की तेथील बायकांच्या थट्टामस्करीतही त्यांना भाग घेता येई. आपल्या पगारातून घरी पैसे पाठवावयाचे असल्यामुळे त्या गावचे कंद व केळी खाऊन राहू लागल्या. टोपी घालीत ना, पायांत जोडे घालीत ना. ह्याचे फळ त्यांच्या शरीराला भोगावे लागले. हिवतापाने त्या वारंवार मरणाच्या दारी गेल्या. हा ताप डासांपासून होतो हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. आपल्या दख्खनातील सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना इ. स. १८९७ साली डासाच्या पोटात त्या तापाचे जंतू सापडले. तोपर्यंत मेरीबाईंनी वीस वर्षे ताप अंगावर काढला होता.

त्या मुलखात जुळी मुले म्हणजे मोठा अपशकुन समजत. दोहोंपैकी एकाचा बाप भूत असला पाहिजे, आणि तो कोणत्याचा हे कळावयास मार्ग नाही, म्हणून दोन्ही अर्भके मडक्यात घालून रानात टाकीत व आईला गावाबाहेर हाकलीत. मेरीबाई अशी मुले उचलून आणून आपल्या घरी वाढवीत. त्यांतील एका मुलीस त्यांनी जेनी हे आपल्या धाकट्या बहिणीचे नाव दिले. इ. स. १८८३ साली आजारामुळे स्वदेशी जावे लागले तेव्हा तिला त्या बरोबर घेऊन गेल्या. इ. स. १८८६ मध्ये आई वारली आणि तीनच महिन्यांत बहीणही गेली. आता काळजी करणारे मागे कोणी उरले नाही. घर तुटल्याचे हे दुःख मोठे होते, पण रानात आत जाण्याची जी इच्छा आईच्या काळजीने अडून राहिली होती, तिची वाट त्यामुळेच मोकळी झाली.

कॅलाबारच्या उत्तरेस, क्रॉस नदी आणि कॅलाबार नदी यांच्या मधल्या रानात ओकोयोंग नावाची जमात राहत असे. तिचे किनाऱ्याच्या लोकांशी वैर होते. हातात तलवार व बंदूक आणि घरात जिन दारू, हे तेथील वैभव. कोणी मोठा माणूस मेला की त्याच्याबरोबर बायका व गुलाम मारून पाठवीत. कोणावर चेटकाचा आरोप आला की त्याला दिव्य करावे लागे. एका विषारी बीचे पाणी पाजीत. जो ओकून टाकी तो निर्दोष, जो मरे तो अपराधी. कॅलाबारच्या सरदारांनी स्वतः इ. स. १८५० साली नरबळी बंद करण्याचा कायदा केला होता, पण तो रानात पोचला नव्हता. मिशनने पूर्वी पाठविलेल्या पुरुषांना ओकोयोंगच्या लोकांनी आत येऊ दिले नव्हते. मेरीबाई आधी भेटीस गेल्या, सरदारांशी बोलल्या, आणि एकेंगे व इफाको ह्या दोन गावी शाळेसाठी व घरासाठी जागा मागितली. शिवाय आपल्या घराच्या आवारात जो पळून येईल त्याला अभय असावे, अशी अट त्यांनी घातली. ती मान्य झाली. घराचा खांब उभा राहण्यापूर्वी त्या घरी आसरा मिळाला पाहिजे, हे ठरून गेले.

इ. स. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्या निघाल्या तेव्हा मुसळधार पाऊस पडत होता. क्रीक टाउनचे ख्रिस्ती राजे एयो यांनी आपली होडी दिली. नदीकाठापासून एकेंगे गाव रानवाटेने सुमारे चार मैल. बाईंच्या बरोबर पाच लहान मुले होती, आणि सर्वांत लहानगे त्यांच्या खांद्यावर होते. चिखलातून रडत भिजत ती मुले गावी पोचली तो गावात जवळजवळ कोणीच नव्हते. शेजारच्या गावी एका सरदाराची आई मेली होती, आणि सारी माणसे दारू पिण्यास व दिवस घालण्यास तिकडे गेली होती. ओझेकरी मागून यावयाचे ते आलेच नाहीत. थकून होडीतच झोपले होते. मुलांना कोरडे वस्त्र नाही, अन्न नाही. मेरीबाई त्या अंधारात पुन्हा अनवाणी नदीपर्यंत गेल्या, ओझेकऱ्यांना उठविले आणि सामान घेऊन मध्यरात्री परत आल्या. अशा रीतीने ओकोयोंगात त्यांचे पहिले पाऊल पडले.

एकेंगेचा सरदार एडेम. त्याची विधवा बहीण एमे हिला सारे मा एमे म्हणत. ही धिप्पाड, शांत, शहाणी बाई होती. आपल्या पतीच्या मरणानंतर तिने स्वतः दिव्य करून जीव वाचविला होता, म्हणून त्या भयाची तिला ओळख होती. मेरीबाईंस सुरुवातीला सरदाराच्या बायकांच्या वाड्यात एक खोली मिळाली. बोकडे, कोंबड्या, भांडणारे नवरे, रडणाऱ्या बायका आणि रात्रभर चालणारी दारू, ह्यांच्या मध्ये ती खोली होती. मा एमेने त्या परकी बाईस आपली मैत्रीण मानले, आणि ह्या दोन बायकांनी मिळून एक गुप्त खूण ठरविली. कोठे काही घात होण्याचा रंग दिसला की एमे औषध भरून आणण्यास म्हणून रिकामी बाटली पाठवी. बाटली आली की मेरीबाईंनी समजावे, आणि वेळेवर तेथे जाऊन उभे राहावे. परक्या बाईने अमक्या गावी इतके जीव वाचविले असे आपण वाचतो, तेव्हा ती बाटली पाठविणारा हात आपल्या दृष्टीस पडत नाही. तो हात नसता तर बाई कितीही धीट असली तरी सकाळी फक्त प्रेते पाहावयास पोचली असती.

थोड्याच काळात मोठी परीक्षा आली. सरदार एडेमचा तरुण मुलगा एटिम ह्याचे लग्न ठरले होते व तो आपले घर बांधीत होता. एक ओंडका निसटून त्याच्या अंगावर पडला आणि त्याचे अंग लुळे पडले. मेरीबाईंनी दोन आठवडे रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली, परंतु तो वाचला नाही. हे चेटूक आहे असे मांत्रिकाने सांगितले आणि एका शेजारच्या गावाचे नाव घेतले. सरदाराच्या माणसांनी त्या गावावर जाऊन बायकामुलांसह काही जणांना बांधून आणले. विषारी बिया दगडावर वाटल्या जाऊ लागल्या. तेव्हा मेरीबाईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली ही की मृताचा असा मान केला की तसा कोणी पूर्वी पाहिला नव्हता. मंडळ्यांकडून आलेल्या पेट्यांतील उंची वस्त्रे त्याला नेसविली, डोक्यावर पिसांची टोपी घातली, त्याला खुर्चीत बसवून वर छत्री धरली आणि समोर आरसा ठेवला. बापाचे दुःखी मन त्या सन्मानाने थोडे शमले. दुसरी गोष्ट ही की त्या बांधलेल्या लोकांपाशी पहाऱ्यास बसल्या. घर बांधण्यासाठी मिशनने पाठविलेले सुतार चार्ल्स ओव्हन्स तेथे होते; त्यांनी व बाईंनी आळीपाळीने पहारा केला. दिवस गेले, रात्री गेल्या, शिव्याशाप झाले, धमक्या झाल्या. एकामागून एक बंदी सुटले. शेवटी एका गाईवाचून कोणाचेही रक्त त्या थडग्यावर सांडले नाही. सरदाराच्या घरचे प्रेत माणसाचा बळी न देता पुरले जावे, हे ओकोयोंगास नवे होते.

येथे उपदेशकांनी थोडे थांबून विचार करावा. मेरीबाईंनी त्या बापास तुझे दुःख खोटे आहे असे म्हटले नाही. त्याच्या मुलास मान हवा होता, तो त्यांनी भरपूर दिला. जे निर्दोष रक्त त्याला हवे होते, तेवढे मात्र दिले नाही. लोकांच्या रूढीत जे मानवी आहे ते ओळखणे आणि जे घातक आहे त्यापुढे आडवे पडणे, ही दोन्ही कामे एकाच मनुष्याने करावयाची असतात. एकच केले तर काम बिघडते.

घर आणि देऊळ ह्यांची बांधणी कशी झाली तेही सांगितले पाहिजे. इफाको येथील उपासनेचे व शाळेचे घर लोकांनी स्वतः बांधले. पुरुषांनी जागा साफ करून खांब रोवले, बायकांनी माती तुडवून भिंती लिंपल्या, छपरास ताडपत्रांच्या चटया घातल्या. बाई त्यांच्याबरोबर मातीत हात घालून उभ्या होत्या. आत येताना हत्यार बाहेर ठेवावे आणि अंग स्वच्छ असावे, एवढा नियम होता. शाळेत आरंभी सरदार, गुलाम, म्हातारे, मुले सारेच आले. काही दिवसांनी नवलाई ओसरली आणि पुष्कळ जण गळाले, हेही खरे. शाळा काढणारांस हा अनुभव नवा नाही.

दारूच्या बाबतीत मेरीबाईंनी निराळाच उपाय योजिला. लोक पितात ते काही अंशी काम नाही म्हणून, आणि लढतात ते पितात म्हणून, असे त्यांच्या ध्यानात आले. रानात पामचे तेल होते. याम नावाचा मोठा कंद, ज्यास आपल्याकडील कोनफळाचा भाऊ म्हणता येईल, तो पिकत असे. परंतु किनाऱ्याशी वैर असल्यामुळे तो माल विकावयास मार्ग नव्हता. बाईंनी राजे एयो यांच्याकडून ओकोयोंगच्या सरदारांना बोलावणे आणविले. त्यांनी एक होडी कंदांनी व तेलाने भरली. निघताना हत्यारे घ्यावयाची नाहीत असे ठरले असूनही मालाखाली तलवारी लपविलेल्या आढळल्या. त्या बाईंनी बाहेर काढविल्या. राजाने पाहुण्यांचा सन्मान केला, माल विकला गेला, आणि पिढ्यानुपिढ्या ज्यांच्यावर नेम धरला होता त्यांच्याशी सौदा करून ते लोक परत आले. मग तेलासाठी झाडे राखावी लागली, शेत वाढवावे लागले, आणि पिण्यास पूर्वीइतका वेळ उरेना. दारू एकदम गेली नाही. तरी बाजाराची वाट उघडली तशी युद्धाची वाट बुजू लागली.

ह्याच विचाराचा दुसरा भाग म्हणजे उद्योगशिक्षण. केवळ वाचावयास शिकवून न थांबता सुतारकाम, छपाई, शिवण असे धंदे आफ्रिकन तरुणांस शिकवावे, ह्यासाठी मेरीबाईंनी स्वदेशच्या मंडळ्यांना आग्रहाने लिहिले. इ. स. १८९५ साली कॅलाबार येथे होप वॉडेल शिक्षणसंस्था निघाली. तीत त्या आग्रहाचा वाटा होता. पुढे त्या संस्थेतून शिकलेले लोक नायजेरियाच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी आले.

ह्या वर्षांत त्यांनी काय सोडले तेही वाचकांस कळावे. इ. स. १८९१ साली ड्यूक टाउन येथील चार्ल्स मॉरिसन नावाच्या तरुण मिशनरी शिक्षकाशी त्यांचा विवाह ठरला. तो वयाने बराच लहान होता, परंतु मने जुळली होती. मॉरिसनने ओकोयोंगात यावे अशी त्यांनी मंडळाकडे विनंती केली. त्याच्यावाचून ड्यूक टाउनचे काम अडेल म्हणून मंडळाने नाकारले. मग बाईंनी किनाऱ्यास जाऊन राहावे हा एकच मार्ग उरला. ज्या लोकांना एकटे सोडले तर दुसऱ्याच दिवशी विषाची बी वाटली जाईल, त्यांना सोडून त्या गेल्या नाहीत. विवाह मोडला. मॉरिसनची प्रकृती बिघडून तो परत गेला आणि काही काळाने परदेशी मरण पावला. मेरीबाईंनी ह्याविषयी फारसे कोणाशी बोलणे केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवा मागणाऱ्यांची रांग दाराशी होतीच.

इ. स. १८९२ मध्ये इंग्रज सरकारने ओकोयोंगातील न्यायाचे काम त्यांच्याकडे सोपविले. एखादा अधिकारी येऊन भाषा व चालीरीती न समजता शिक्षा करील, त्यापेक्षा आपण बसलेले बरे, ह्या विचाराने त्यांनी ते पत्करले. झाडाखाली बैठक भरे. दोन्ही पक्ष तासन् तास बोलत, आणि बाई हाताने विणीत शांतपणे ऐकत बसत. लोकांना आपले म्हणणे पुरते सांगू दिले तर अर्धा राग तेथेच निवतो, हे त्यांना ठाऊक होते. आज जे अभ्यासक ह्या इतिहासाकडे पाहतात, ते म्हणतात की मेरीबाईंच्या शब्दामागे इंग्रजी सत्तेचे वजनही होते. ते नाकारता येत नाही. इ. स. १९०१ व १९०२ साली सरकारची फौज अरो लोकांवर चालून गेली आणि त्यानंतरच त्या मुलखाची दारे मिशनास उघडली. तथापि हेही तितकेच खरे की ओकोयोंगात त्या प्रथम गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी शिपाई नव्हता. खांद्यावर एक मूल होते.

इ. स. १८९६ च्या सुमारास लोक नव्या जमिनीकडे सरकले तेव्हा बाईही अकपाप येथे राहावयास गेल्या. त्यानंतर देवीची साथ आली. बाईंनी शेकडो लोकांस देवी टोचल्या. एकेंगे गावी साथ जोरात आहे असे कळताच त्या तिकडे धावल्या आणि आपल्या जुन्या घराचाच दवाखाना केला. ज्यांच्या अंगात बळ होते ते पळून गेले होते. रोगी एकामागून एक मेले, आणि शेवटी सरदार एडेमही गेला. ज्याच्याशी त्या इतकी वर्षे भांडल्या आणि ज्याने तरीही त्यांना आसरा दिला, त्या सरदाराची पेटी त्यांनी आपल्या हाताने केली, खड्डा आपल्या हाताने खणला, आणि रात्री एकट्याने त्याला मातीत ठेवले. त्याच्या थडग्यावर कोणाचा बळी पडला नाही. बळी द्यावयास गावात माणूसच राहिला नव्हता. नंतर त्या पहाटे पायी अकपापला परतल्या.

ओकोयोंगात पंधरा वर्षे झाल्यावर, इ. स. १९०३ साली, तेथे पहिल्याने प्रभुभोजनाचा विधी झाला. पंधरा वर्षांनंतर मूठभर माणसे त्या मेजाभोवती बसली. त्यांत पुष्कळशी बाईंनी वाढविलेली मुलेच होती. संख्या मोजून कामाची किंमत ठरविणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच पंधरा वर्षांत जुळी मुले जिवंत राहू लागली होती, नरबळी थांबले होते, विषाचे दिव्य बंद पडत चालले होते आणि बायका दिवसाढवळ्या एकट्या बाजारास जात होत्या. हे आकडे मंडळीच्या नोंदवहीत चढत नाहीत.

मेरीबाई तेथे थांबल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. परंतु वय पंचावन्नाचे झाले असता त्या एन्याँग खाडीच्या वाटेने पुन्हा नव्या रानात शिरल्या. इटू येथे पूर्वी गुलामांचा बाजार भरत असे. तेथे शाळा निघाली, आणि पुढे मिशनचे इस्पितळ उभे राहिले, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. अकानी ओबियो गावचा सरदार ओनोयोम याने स्वतःच्या खर्चाने मंदिर बांधविले. ह्या वयात बाई दुचाकीवर बसावयास शिकल्या, आणि पाय चालेनासे झाले तेव्हा स्कॉटलंडातील भगिनींनी पाठविलेल्या लहान गाडीत बसून मुलांकडून ती ओढवीत गावोगाव जाऊ लागल्या. यूसे येथे त्यांनी टाकलेल्या बायकांसाठी वसाहत केली. जुळ्यांच्या आया, विधवा, नवऱ्याने हाकललेल्या, अशांना तेथे जमीन कसावयास मिळे. फळझाडे लावीत, टोपल्या विणीत. परक्याच्या दयेवर नव्हे, तर आपल्या हातच्या पिकावर त्या बायका जगाव्या, हा तिचा हेतू होता.

इ. स. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. ती वार्ता ऐकून त्यांचे खचलेले शरीर आणखी खचले. इ. स. १९१५ च्या जानेवारीच्या १३ तारखेस पहाटे, यूसे येथील मातीच्या घरात, आपण वाढविलेल्या मुलींच्या देखत त्यांनी प्राण सोडला. प्रेत नदीवाटे कॅलाबारला नेऊन मिशनच्या टेकडीवर पुरले. तेथे आता अ‍ॅबर्डीनच्या दगडाचा क्रूस उभा आहे. इ. स. १९९७ साली स्कॉटलंडातील एका पेढीने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. जी मुलगी आठवड्याचा पगार आईच्या हाती देऊन दारुड्या बापापासून लपवीत असे, तिचे चित्र पैशावर आले.

आता एक गोष्ट राहिली आहे, आणि ती सोपी नाही. मा एमे, जिच्या बाटलीने इतके जीव वाचले, जी उपासनेस येऊन बसे, जिने मेरीबाईंस बहिणीसारखे सांभाळले, ती शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही. मेरीबाईंच्या मनास हे शल्य अखेरपर्यंत लागून राहिले. तरी त्यांनी तिच्याशी असलेली मैत्री एका दिवसासाठी सैल केली नाही, आणि तिच्या उपकाराची नोंद दडविली नाही. आपल्या गावातही अशी माणसे आहेत. मंडळीच्या यादीत त्यांची नावे नाहीत, परंतु अडचणीच्या वेळी रिकामी बाटली पाठवून सावध करणारे तेच असतात. त्यांच्याविषयी आपण काय बोलतो, त्यांना काय मान देतो, ह्यावर गावातील आपल्या साक्षीचे बरेचसे वजन अवलंबून आहे. त्यांचा शेवटचा हिशेब आपल्याकडे दिलेला नाही. त्यांच्याबरोबर शेजारधर्माने चालणे मात्र दिलेले आहे.

मेरीबाईंच्या कामातून आपणास जर एकच गोष्ट घ्यावयाची असेल तर ती ही, की त्यांनी गावाला काही दिले त्यापेक्षा गावाबरोबर काही केले. माती एकत्र तुडविली, होडी एकत्र भरली, प्रेतापाशी एकत्र बसल्या. म्हणून त्या गेल्यावर शाळा, बाजार व जिवंत राहिलेली जुळी मुले ही त्या गावाची स्वतःची झाली. ज्या उपदेशकाची नेमणूक एखाद्या आडगावी झाली आहे आणि ज्यास वर्षे जाऊनही हाती काही लागले नाही असे वाटते, त्याने ओकोयोंगची ती पंधरा वर्षे आठवावी, आणि शेजाऱ्याच्या घराची भिंत लिंपावयाची असेल तर उद्या सकाळी हात लावावयास जावे.